घरी सीसीटीव्ही स्वतः बसवायचे असतील तर: जागा ठरवण्यापासून रात्रीच्या टेस्टपर्यंत सगळं

आमच्या आवारातून सायकल चोरीला गेली तेव्हा घरावर कॅमेरा होता. चालू होता, रेकॉर्डिंग होतं, तारीख-वेळ सगळं बरोबर होतं. आणि त्या रेकॉर्डिंगमध्ये दिसलं काय तर एक टोपी, दोन खांदे आणि गेटबाहेर जाणारं सायकलचं मागचं चाक. कॅमेरा गच्चीच्या कठड्याखाली साडेसहा मीटर उंचीवर लावलेला, लेन्स वाइड, त्यामुळे सगळं आवार एका फ्रेममध्ये मस्त दिसायचं, मोबाइलवर बघताना वाटायचं की काही सुटतच नाहीये. चेहरा मात्र एकही ओळखू येईना. त्यानंतर मी ती सगळी सिस्टिम उतरवली आणि परत पहिल्यापासून लावली, मग नात्यातल्या दोन-तीन घरांमध्ये पण लावून दिली, त्यात जे जे समजलं ते क्रमाने लिहितोय. कॅमेरा कुठला घ्यायचा हा प्रश्न सगळे आधी विचारतात, पण तो तिसरा-चौथा प्रश्न आहे.

१. आधी कागद, टेप आणि एक फेरी

घराचा साधा नकाशा काढा, हाताने काढलेला चालतो. दारं, खिडक्या, गेट, जिना, गाडी उभी करायची जागा, मागची बाजू. मग एक फेरी दिवसा मारा आणि एक रात्री सगळे झोपायच्या वेळेला मारा, कारण दिवसा जी जागा एकदम मोकळी दिसते तिथे रात्री कुठला बल्ब थेट डोळ्यात येतो आणि कुठे मिट्ट काळोख असतो ते तेव्हाच कळतं.

प्रत्येक जागेसमोर एकच गोष्ट लिहा, इथे मला नक्की काय बघायचंय? कोणीतरी आलंय एवढं कळलं तरी बास आहे? का आलेला माणूस ओळखीचा आहे की नाही ते कळायला हवं? का पूर्ण अनोळखी माणसाचा चेहरा असा हवा की उद्या दुसऱ्या कोणाला दाखवला तर त्याला पण ओळखता येईल? ह्या तीन वेगळ्या गरजा आहेत आणि त्यांना आकडे आहेत. ईएन ६२६७६-४ नावाचं युरोपियन मानक आहे, त्याच्या २०१५ च्या आवृत्तीत माणूस आहे एवढं कळायला एका मीटरला २५ पिक्सेल, ओळखीचा माणूस ओळखायला १२५ आणि अनोळखी माणसाची ओळख पटवायला २५० पिक्सेल धरतात. हा आकडा काढायला अगदी सोपा आहे, कॅमेऱ्याचे आडवे पिक्सेल भागिले त्या अंतरावर फ्रेममध्ये दिसणारी रुंदी मीटरमध्ये.

रुंदी कशी काढायची? सेन्सरप्रमाणे, म्हणजे कॅमेऱ्यातल्या चित्र टिपणाऱ्या चिपप्रमाणे, थोडा फरक पडतो पण घरगुती कॅमेऱ्यांना साधारण असं धरा: २.८ मिमी लेन्स असेल तर रुंदी अंतराच्या २.४ पट, ४ मिमी असेल तर १.७ पट, आणि ६ मिमी असेल तर अंतराएवढीच किंवा किंचित कमी. म्हणजे ४ मेगापिक्सेलचा कॅमेरा, आडवे २५६० पिक्सेल, त्यातून चेहरा नीट हवा असेल तर २.८ च्या लेन्सला माणूस साधारण सव्वाचार मीटरच्या आत पाहिजे, ४ च्या लेन्सला ६ मीटर, आणि ६ च्या लेन्सला ११ मीटरपर्यंत चालतं. माझ्या जुन्या कॅमेऱ्याचं गणित नंतर मांडून बघितलं, २ मेगापिक्सेल, २.८ लेन्स, गेटपर्यंत तिरकं अंतर ७ मीटर, उत्तर आलं मीटरला ११४ पिक्सेल. म्हणजे ओळखीचा माणूस ओळखायला पण कमीच, आणि मी त्याच्याकडून चोराचा चेहरा मागत होतो.

म्हणून माझं स्पष्ट मत, दोन प्रकारचे कॅमेरे लागतात. एक-दोन वाइड, सगळं आवार दाखवणारे, आणि जिथून माणसाला यावंच लागतं त्या अरुंद जागेवर, म्हणजे गेट, मुख्य दार, जिन्याचा खालचा टप्पा, तिथे थोड्या लांब लेन्सचा कॅमेरा जो फक्त तेवढाच तुकडा बघतो. चार कॅमेरे चारही कोपऱ्यांत बाहेर तोंड करून लावणं ही सगळ्यात कॉमन पद्धत आहे आणि सगळ्यात कमी उपयोगाची पण.

२. उंची आणि कोन

उंचावर लावला की सेफ असं सगळ्यांना वाटतं, कोणाचा हात पोचत नाही म्हणून. पण कॅमेरा साडेसहा मीटरवर आणि माणूस ५ मीटर लांब असेल तर कॅमेरा त्याच्याकडे जवळजवळ ४५ अंशातून खाली बघतो, टोपी घातली की खेळ खलास. तोच कॅमेरा अडीच मीटरवर आणि माणूस ४ मीटर लांब असेल तर कोन १३ अंशाच्या आसपास येतो आणि टोपीखालचा चेहरा पण दिसतो. चेहऱ्यासाठी १५ अंशाच्या आत ठेवायचा प्रयत्न करा. वाइड कॅमेरा ३ ते साडेतीन मीटरवर असला तरी हरकत नाही, आणि खालचा कॅमेरा कोणी फिरवेल अशी भीती असेल तर आयके१० रेटिंगचा (म्हणजे ठोसे झेलणारा) घुमटासारखा डोम कॅमेरा घ्या आणि दुसऱ्या कॅमेऱ्याच्या फ्रेममध्ये हा कॅमेरा येईल असं बघा. एकाने दुसऱ्यावर नजर ठेवायची, ही सवय फार कामाची आहे.

ही चेहऱ्याच्या उंचीची गोष्ट नवीन नाहीये. न्यूयॉर्कमधली नर्स मेरी व्हॅन ब्रिटन ब्राउन, तिने नवऱ्यासोबत १९६६ मध्ये घरगुती सुरक्षा सिस्टिमच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १९६९ मध्ये ते मिळालं. त्यात दाराला वेगवेगळ्या उंचीवर भोकं होती आणि कॅमेरा वर-खाली सरकून त्यातून बघायचा, म्हणजे आलेला माणूस उंच असो का लहान मूल असो, त्याच्या चेहऱ्यासमोर कॅमेरा यायचा. इतक्या वर्षांपूर्वी तिला जे सुचलं ते आज आपण कठड्याखाली कॅमेरा ठोकताना विसरतो.

अजून एक, दाराच्या आतून बाहेर बघणारा कॅमेरा असेल तर मागून येणाऱ्या उजेडामुळे माणूस काळा पडतो. तिथे खरा डब्ल्यूडीआर हवा, म्हणजे एकाच फ्रेममधला उजेड आणि काळोख दोन्ही नीट दाखवायची सोय, खोक्यावर १२० डीबी असं लिहिलेलं असतं, नुसतं डिजिटल डब्ल्यूडीआर लिहिलं असेल तर ते सॉफ्टवेअरने उजळवलेलं चित्र असतं. आणि खिडकीच्या काचेमागून बाहेर बघणारा कॅमेरा लावू नका, रात्री त्याचाच इन्फ्रारेड (अंधारात बघायला कॅमेरा टाकतो तो डोळ्याला न दिसणारा उजेड) काचेवर आपटून परत येतो आणि फ्रेम पांढरी फट्ट होते.

३. कुठली सिस्टिम

चार पर्याय आहेत. कोॲक्स केबलवाली (टीव्हीच्या केबलसारखी) एचडी ॲनालॉग आणि तिचा रेकॉर्डर डीव्हीआर, नेटवर्क केबलवाली आयपी आणि तिचा रेकॉर्डर एनव्हीआर, वायफाय कॅमेरे, आणि बॅटरीवाले.

नवीन वायरिंग करायचीच असेल तर डोळे झाकून पीओई आयपी घ्या. एकाच केबलमधून वीज पण जाते आणि चित्र पण, प्रत्येक कॅमेऱ्याजवळ ॲडॅप्टर आणि प्लग शोधत बसावं लागत नाही, आणि सगळी वीज एका ठिकाणाहून जात असल्यामुळे एका यूपीएसवर सगळी सिस्टिम चालते. साध्या पीओईमध्ये, ज्याला ८०२.३एएफ म्हणतात, पोर्टवर १५.४ वॅट मिळतात आणि कॅमेऱ्यापर्यंत १२.९५ वॅटची खात्री असते, साध्या कॅमेऱ्याला हे भरपूर झालं. फिरणारे पीटीझेड कॅमेरे किंवा हीटरवाले असतील तर ३० वॅटचं ८०२.३एटी लागतं. स्विच किंवा एनव्हीआर घेताना एका पोर्टचे वॅट आणि सगळ्या पोर्टचे मिळून वॅट असे दोन्ही आकडे बघा, दुसरा आकडा लोक बघतच नाहीत.

घरात आधीच चांगली कोॲक्स टाकलेली असेल आणि भिंती फोडायच्या नसतील तर ॲनालॉग एचडी वाईट नाही, उगाच सगळं उपटू नका. फक्त तिथे १२ व्होल्टची वीज लांब बारीक वायरीतून नेली तर शेवटी व्होल्टेज पडतं. याचं लक्षण ओळखून ठेवा, कॅमेरा दिवसभर मस्त चालतो आणि अंधार पडला की बंद-चालू बंद-चालू करतो, कारण रात्री इन्फ्रारेड एलईडी पेटले की तो जास्त करंट ओढतो आणि व्होल्टेज अजून खाली जातं. कॅमेरा खराब नसतो, वायर जाड टाकायला हवी असते.

वायफाय कॅमेऱ्याला वायरलेस म्हणतात पण विजेची वायर लागतेच. भाड्याच्या घरात, एखाद्या खोलीत, लहान बाळावर किंवा आजारी माणसावर लक्ष ठेवायला तो छान आहे. पण घराच्या मुख्य दाराची जबाबदारी मी वायफायवर टाकणार नाही, दोन जाड भिंती मध्ये आल्या की सिग्नल डुगडुगतो आणि वायफाय मुद्दाम पाडताही येतं. बॅटरीवाला कॅमेरा वीज वाचवायला झोपलेला असतो, हालचाल झाली की उठतो, आणि उठेपर्यंत माणूस अर्धा पुढे गेलेला असतो. जिथे वायर नेणं शक्यच नाही तिथेच तो लावा.

घेताना ऑनव्हिफ आहे का ते बघा. २००८ मध्ये ॲक्सिस, बॉश आणि सोनी या तीन कंपन्यांनी मिळून हे सामाईक मानक सुरू केलं, म्हणजे एका कंपनीचा कॅमेरा दुसऱ्या कंपनीच्या रेकॉर्डरला जोडता यावा. उद्या एक कॅमेरा गेला आणि तेच मॉडेल बंद झालेलं असलं तर अडकून पडायला नको. आणि मेगापिक्सेलच्या मागे फार लागू नका, छोट्याशा सेन्सरवर ८ मेगापिक्सेल कोंबले की रात्रीचं चित्र दाणेदार आणि काळं येतं, त्यापेक्षा मोठ्या सेन्सरचा ४ मेगापिक्सेल रात्री कितीतरी उजवा. बाहेरच्यासाठी आयपी६६ किंवा आयपी६७ हे धूळ-पाणी अडवण्याचं रेटिंग पाहिजेच.

४. हार्ड डिस्क किती घ्यायची

हे गणित पाठ करून ठेवा: १ एमबीपीएसचा, म्हणजे सेकंदाला १ मेगाबिट डेटा देणारा कॅमेरा दिवसरात्र चालू ठेवला तर दिवसाला १०.८ जीबी जागा खातो. ४ मेगापिक्सेलचा कॅमेरा एच.२६५ वर (व्हिडिओ दाबून लहान करायची पद्धत) साधारण ४ एमबीपीएसला ठेवला तर दिवसाचे ४३ जीबी, असे चार कॅमेरे म्हणजे १७३ जीबी. २ टीबीची डिस्क ११ दिवसांच्या आसपास पुरते, ४ टीबी घेतली तर तीन आठवड्यांच्या वर. माझ्या मते कमीत कमी दोन आठवडे हवेतच, कारण घर बंद करून लोक गावाला जातात आणि परत आल्यावर कळतं की काहीतरी गेलंय.

डिस्क सर्व्हेलन्सचीच घ्या, डब्ल्यूडी पर्पल किंवा सीगेट स्कायहॉक अशा नावांनी मिळतात. कॉम्प्युटरची जुनी पडलेली डिस्क टाकायचा मोह होतो, पण ती २४ तास सतत लिहिण्यासाठी बनवलेली नसते आणि ती कधी दगावली ते बहुतेक वेळा आपल्याला रेकॉर्डिंग हवं असतं त्याच दिवशी कळतं.

५. शिडीवर चढायच्या आधी सगळं टेबलावर

ही पायरी लोक गाळतात, प्लीज गाळू नका. सगळे कॅमेरे, रेकॉर्डर, केबलचे छोटे तुकडे, मॉनिटर, सगळं टेबलावर मांडून जोडा आणि एक दिवस तसंच चालू ठेवा. इथेच पासवर्ड टाका, फर्मवेअर (कॅमेऱ्यातलं सॉफ्टवेअर) अपडेट करा, प्रत्येक कॅमेऱ्याला नाव द्या आणि तेच नाव कॅमेऱ्याच्या पाठीमागे चिकटपट्टीवर लिहा. डिस्क फॉरमॅट करा, रेकॉर्डिंग होतंय का ते प्लेबॅकमध्ये जाऊन खरंच बघा. एखादा कॅमेरा पहिल्याच दिवशी आचके देत असेल तर तो टेबलावरून बदलून आणणं आणि भिंतीवरून उतरवणं यात फार फरक आहे.

६. केबल, म्हणजे खरं काम

अर्ध्याहून जास्त वेळ इथे जातो आणि पुढच्या सगळ्या कटकटी पण इथूनच निघतात.

केबल शुद्ध तांब्याची कॅट५ई किंवा कॅट६ घ्या. बाजारात सीसीए म्हणून मिळते, आतून ॲल्युमिनियम आणि वरून तांब्याचा मुलामा. ती हलकी असते, जास्त वीज अडवते, गरम होते आणि दोन-चार वेळा वाकवली की तुटते, पीओईला तर नकोच. ओळखायचं कसं, एका तारेचं टोक ब्लेडने हळूच खरवडा, आत चंदेरी दिसलं तर ती केबल परत करा. एका केबलची लांबी १०० मीटरच्या आत ठेवा. विजेच्या वायरिंगच्या पाइपातून ही केबल नेऊ नका, समांतर जायचंच असेल तर एक वीत तरी अंतर ठेवा, क्रॉस करायची असेल तर सरळ काटकोनात करा. बाहेर उन्हात राहणारी केबल बाहेरच्यासाठीचीच घ्या किंवा पाइपातून न्या, साध्या केबलचं आवरण उन्हाने तडकतं.

भिंतीला भोक पाडताना ड्रिल आतून बाहेर जाताना थोडं खालच्या बाजूला उतरतं धरा, म्हणजे भोकात आलेलं पाणी घरात न येता बाहेर जाईल. ड्रिल मारायच्या आधी भिंतीत विजेची वायर किंवा पाण्याचा पाइप कुठून गेलाय ते बघा, शंका असेल तर मेन बंद करा. शिडी धरायला एक माणूस पाहिजेच, हे काम एकट्याने करायचं नाही.

केबल कॅमेऱ्याला जोडायच्या आधी तिला खाली एक झोळ द्या, इंग्रजी यू सारखा, म्हणजे केबलवरून ओघळणारं पाणी त्या झोळाच्या तळाशी येऊन टपकतं आणि कनेक्टरपर्यंत चढत नाही. मला ह्याची किंमत कळली ती एका नातेवाइकांच्या घरी. दुसऱ्या कोणीतरी बसवलेला कॅमेरा होता, पाऊस आला की बंद आणि ऊन पडलं की दोन दिवसांनी आपोआप चालू, सगळ्यांना वाटलं कॅमेऱ्यातच दोष. मी वर चढून बघितलं तर जोड उघडाच भिंतीला लटकत होता. कनेक्टर ओढून काढला तर आतून थेंबभर पाणी बाहेर आलं, आणि आठ सोनेरी पिनांपैकी दोन पिना हिरव्या पडल्या होत्या, एक तर खाऊन अर्धीच उरली होती, नखाने टोकरली तर भुगा पडला. चालू वीज, पाणी आणि धातू एकत्र आले की असंच होतं. नवीन कनेक्टर क्रिम्प केला, म्हणजे पकडीने केबलवर दाबून बसवला, जोड जंक्शन बॉक्समध्ये घेतला, वरून सेल्फ-फ्यूजिंग रबर टेप गुंडाळली आणि झोळ दिला, त्यानंतर त्या कॅमेऱ्याने कधी त्रास दिला नाही. तेव्हा प्रत्येक बाहेरच्या कॅमेऱ्याला जंक्शन बॉक्स, यात काटकसर नको.

क्रिम्पिंग करताना रंगांचा क्रम, जो टी५६८बी म्हणून ओळखला जातो: पांढरा-नारंगी, नारंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. कनेक्टरची खिट्टी खाली आणि तोंड आपल्यापासून लांब धरलं की डावीकडून हा क्रम येतो. दोन्ही टोकांना हाच क्रम ठेवा. तारा एका रेषेत कापा, कनेक्टरच्या पुढच्या भिंतीला आठही तारांची तांबडी टोकं टेकलेली दिसली की मगच दाबा. बाहेरचं निळं किंवा राखाडी आवरण पण कनेक्टरच्या आत गेलं पाहिजे, नाहीतर सगळा ताण बारीक तारांवर येतो. कॅमेऱ्यासोबत येणारी वॉटरप्रूफ टोपी आणि रबर रिंग केबलमध्ये आधी ओवा आणि मग क्रिम्प करा, हे विसरलं की केलेला कनेक्टर कापून परत करावा लागतो. प्रत्येक केबल साध्या टेस्टरवर तपासा आणि दोन्ही टोकांना नंबर लिहा.

स्क्रू घट्ट करायच्या आधी कॅमेरा हाताने धरून मोबाइलवर फ्रेम बघा. फ्रेममध्ये भिंत किंवा छज्जा कडेला येत असेल तर थोडा सरकवा, कारण जवळच्या भिंतीवर इन्फ्रारेड आपटला की कॅमेरा त्या उजेडाप्रमाणे स्वतःला ॲडजस्ट करतो आणि लांबचं सगळं काळं पडतं.

७. रेकॉर्डर कुठे ठेवायचा

टीव्हीखाली नको. ज्याने घर फोडलंय तो पहिल्यांदा वायरी कुठे जातायत ते बघून डबाच उचलून नेतो. माळ्यावर, कुलपाच्या कपाटात, जिथे कोणी सहज बघणार नाही अशा जागी ठेवा, फक्त हवा खेळती पाहिजे, बंद कपाटात डिस्क तापते. महत्त्वाच्या एखाद-दोन कॅमेऱ्यांमध्ये मेमरी कार्ड पण टाकून ठेवा, रेकॉर्डर गेला तरी तिथे काहीतरी उरतं.

यूपीएसचा हिशोब: चार कॅमेरे प्रत्येकी ६ वॅट धरले तर २४, रेकॉर्डर आणि डिस्क १५, राउटर १०, म्हणजे ५० वॅटच्या आसपास. १२ व्होल्ट ७ एएचच्या बॅटरीत कागदावर ८४ वॅट-तास असतात, हातात तासभर मिळाला तरी समाधान माना. राउटर यूपीएसवर घ्यायला विसरू नका, नाहीतर रेकॉर्डिंग होत राहील पण वीज गेल्यावर मोबाइलवर काही दिसणार नाही.

८. सेटिंग

पहिलं काम पासवर्ड. २०१६ मध्ये मिराई नावाच्या मालवेअरने जगभरातले कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले, कसे तर कंपनीने दिलेली साठेक युजरनेम-पासवर्डची यादी एकेक करून लावून. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अशा उपकरणांकडून डाइन या डीएनएस कंपनीवर (डीएनएस म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सेवा) हल्ला झाला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट कित्येक तास अडकल्या. ज्यांचे कॅमेरे यात वापरले गेले त्यातल्या बहुतेकांना पत्ताही नव्हता. तर रेकॉर्डर आणि कॅमेरा दोघांना लांब, वेगळा पासवर्ड द्या, तो कागदावर लिहून घरातच जपून ठेवा, घरच्यांसाठी फक्त बघायचा वेगळा युजर करा आणि ॲडमिनचा पासवर्ड वाटत फिरू नका. कोणी बसवून दिलं असेल तर तो गेल्यावर पासवर्ड बदला.

राउटरमधलं यूपीएनपी (उपकरणं स्वतःहून बाहेरची वाट उघडतात ती सोय) बंद करा आणि पोर्ट फॉरवर्डिंग, म्हणजे तशी वाट हाताने उघडणं, करू नका, जुने व्हिडिओ बघून लोक अजूनही ५५४ आणि ८० पोर्ट सरळ इंटरनेटला उघडे ठेवतात. बाहेरून बघायचं असेल तर कंपनीचं ॲप वापरा आणि त्यावर टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करा, किंवा जमत असेल तर वायरगार्डसारखं व्हीपीएन (बाहेरून घरच्या नेटवर्कमध्ये यायचा सुरक्षित रस्ता) लावा, ते सगळ्यात चांगलं. कॅमेऱ्यांना घरातल्या लॅपटॉप-मोबाइलपासून वेगळ्या नेटवर्कवर ठेवता आलं तर अजून बरं.

वेळ इंटरनेटवरून आपोआप जुळेल असं एनटीपी चालू करा, घड्याळ पंधरा मिनिटं चुकलेलं असेल तर नंतर काय कधी झालं ते जुळवताना फार मनस्ताप होतो. फ्रेम रेट सेकंदाला १५ पुरतो, २५-३० ची गरज नाही, वाचलेली जागा बिटरेटला (सेकंदाला किती एमबीपीएस त्याला) द्या. मोबाइलवर बघताना सब-स्ट्रीम, म्हणजे हलकं चित्र वापरा, रेकॉर्डिंग मेन स्ट्रीमचं, म्हणजे पूर्ण दर्जाचं ठेवा. रेकॉर्डिंग सतत चालू ठेवा आणि हालचालीची फक्त खूण पडू द्या, नुसत्या हालचालीवर रेकॉर्डिंग ठेवलं तर नेमका कामाचा क्षण सुटू शकतो. नोटिफिकेशनसाठी माणूस आणि वाहन ओळखणारं डिटेक्शन वापरा आणि झाडाच्या फांद्या, रस्ता, हलणारा पडदा एरियातून वगळा. दिवसाला दोनशे नोटिफिकेशन येणारा माणूस चौथ्या दिवशी ॲप म्यूट करतो, आणि मग ते असून नसल्यासारखं.

९. रात्रीची टेस्ट

दिवसाचं चित्र बघून खूश होऊ नका, खरी परीक्षा अंधारात. घरातल्या एकाला टोपी घालून नेहमीच्या चालीने गेटातून दारापर्यंत चालायला सांगा, थांबून कॅमेऱ्याकडे बघायचं नाही, नेहमी चालतो तसंच. मग लाइव्ह बघू नका, रेकॉर्डिंग मोठ्या स्क्रीनवर लावून पॉज करा. चेहरा फराटल्यासारखा दिसतोय? तर शटर फार हळू आहे, ते १/५० किंवा त्याहून जलद करा, चित्र थोडं काळपट होईल पण चालणारा माणूस स्थिर दिसेल. काळं फार झालं तर त्या जागी एक साधा दिवा लावा, दिव्याने कॅमेऱ्याला जितकी मदत होते तितकी कुठल्याच सेटिंगने होत नाही. चेहरा पांढरा फट्ट दिसतोय? इन्फ्रारेड कमी करा किंवा स्मार्ट आयआर, म्हणजे इन्फ्रारेड आपोआप कमी-जास्त करणारं सेटिंग, चालू करा. बहुतेक कॅमेऱ्यांत ८५० नॅनोमीटरचा इन्फ्रारेड असतो, त्याचा मंद लाल ठिपका रात्री दिसतो, ९४० वाला दिसत नाही पण त्याचा पल्ला कमी पडतो.

आणि कोळी. इन्फ्रारेडच्या उजेडावर आणि उबेवर बारीक किडे येतात, किड्यांमागे कोळी येतो, आणि लेन्ससमोरचा एकच धागा रात्री फ्रेममध्ये दोरखंडाएवढा जाड, चमकत, हलत दिसतो, रात्रभर मोशनच्या खुणा पडत राहतात. कॅमेऱ्यापासून हातभर लांब वेगळा दिवा असेल तर किडे बरेचसे तिकडे जातात. बाकी महिन्यातून एकदा मऊ फडक्याने पुसणं, त्याला पर्याय नाही.

१०. शेजारी आणि घरची माणसं

कॅमेरा आपल्या हद्दीपुरता ठेवा. शेजाऱ्यांची खिडकी, गॅलरी फ्रेममध्ये येत असेल तर प्रायव्हसी मास्कने तेवढा भाग काळा करा आणि त्यांना बोलावून दाखवा, दाखवल्यावर निम्मी कुरबूर तिथेच संपते. आवाजाचं रेकॉर्डिंग बऱ्याच ठिकाणी कायद्याने जास्त कडक धरतात, तुमच्याकडचा नियम बघितल्याशिवाय माइक चालू करू नका. झोपायच्या खोलीत आणि बाथरूमच्या दिशेने कॅमेरा नकोच. घरी कामाला येणाऱ्या माणसांना कॅमेरे आहेत हे सरळ सांगा, गेटवर छोटी पाटी लावा. घरात लावायचा असेल तर घरातल्या सगळ्यांना विचारून लावा, मुलांना पण.

११. महिन्याची दहा मिनिटं

महिन्यातून एक दिवस ठरवा. काचा पुसा, दहा दिवसांपूर्वीचं रेकॉर्डिंग उघडून बघा की ते खरंच आहे, डिस्कचं हेल्थ स्टेटस बघा, घड्याळ बघा, यूपीएसचा प्लग काढून सिस्टिम चालू राहते का ते बघा, फर्मवेअर आलंय का बघा.

आणि एक्स्पोर्ट करायची प्रॅक्टिस करून ठेवा, हे फार कमी लोक करतात. पेनड्राइव्ह लावून अमुक कॅमेरा, अमुक दिवस, चार ते साडेचार, एवढी क्लिप काढा आणि ती दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडते का ते बघा, काही रेकॉर्डर स्वतःच्याच फॉरमॅटमध्ये फाइल देतात, मग त्यांचा प्लेअर पण पेनड्राइव्हवर घ्यावा लागतो. काही घडलं तर क्लिप त्याच दिवशी काढा, डिस्क भरली की जुनं आपोआप पुसलं जातं. घटनेच्या आधीची आणि नंतरची पंधरा-पंधरा मिनिटं पण घ्या, सगळ्या कॅमेऱ्यांची घ्या, दोन कॉपी करा, स्क्रीनचा मोबाइलने काढलेला व्हिडिओ देऊ नका, मूळ फाइल द्या. रेकॉर्डरचं घड्याळ खऱ्या वेळेपेक्षा किती पुढे-मागे आहे ते मोबाइलशी ताडून एका कागदावर लिहा आणि तो कागद पेनड्राइव्हसोबत द्या.